सोडियम फ्लोराइड कसं वापरायचं, कसं ठेवायचं आणि उरलेलं कुठे टाकायचं

पाणी तपासणीच्या लॅबमध्ये नवीन लागलेली मुलं, एमएस्सीचे प्रोजेक्टवाले, लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी डिप्लोमा करणारे, या सगळ्यांच्या हातात कधी ना कधी सोडियम फ्लोराइडची बाटली येतेच, आणि बहुतेकांना हे नेमकं कसं हाताळायचं ते कोणी शांतपणे बसून सांगितलेलं नसतं. "विषारी आहे, जपून" एवढं ऐकलं की काम सुरू. म्हणून जे जे माहीत असायलाच पाहिजे ते इथे लिहितोय. ज्यांच्याकडे फ्लोराइड मीटर आहे त्यांनी सोल्युशनचा भाग नीट वाचा, बाकीच्यांनी निदान अ‍ॅसिड आणि प्रथमोपचार हे दोन भाग तरी सोडू नका.

आधी माल ओळखा. पांढरी पावडर किंवा बारीक दाणे, वास अजिबात नाही, ९९३ डिग्रीला वितळतं म्हणजे आपल्या ओव्हनमध्ये त्याला काहीही होत नाही, हवेतलं पाणीही मिठासारखं पटकन ओढत नाही. १०० मिली पाण्यात साधारण ४ ग्रॅम विरघळतं आणि गंमत म्हणजे पाणी गरम केलं तरी फारसा फरक पडत नाही, उकळत्या पाण्यातसुद्धा ५ ग्रॅमच्या आसपासच, त्यामुळे जास्त घट्ट सोल्युशन करायचं म्हणून हीटरवर ठेवून बसू नका, तळाशी पावडर तशीच राहते. वजनाच्या साधारण ४५ टक्के फ्लोराइड असतं, हा आकडा डोक्यात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावरच आहे.

आता धोका कुठे आहे ते बघू. बाटलीतून बाहेर काढून कागदावर ठेवलं की मीठ, खायचा सोडा, मिल्क पावडर आणि सोडियम फ्लोराइड यातलं कोणतं काय हे डोळ्यांनी सांगता येत नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात सेलम इथल्या सरकारी मनोरुग्णालयात १८ नोव्हेंबर १९४२ ला हेच झालं. तेव्हा झुरळं मारायला सोडियम फ्लोराइड सर्रास वापरायचे, तळघरात ती पावडर ठेवलेली होती, स्वयंपाकघरासाठी मिल्क पावडर आणायला गेलेल्या माणसाने ती उचलून आणली आणि रात्रीच्या जेवणातल्या अंड्यांत मिसळली गेली. शेकडो लोक आजारी पडले, ४७ जण गेले. त्यांच्यातल्या कोणाचीही चूक नव्हती, समोर आलं ते खाल्लं. लेबल आणि कपाट या दोन गोष्टी मी पुढे परत परत सांगणार आहे त्याचं कारण हे आहे.

किती पोटात गेलं तर धोका? डॉक्टर लोक शरीराच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड हा आकडा धरतात, त्याच्या वर गेलं की थेट हॉस्पिटल. ६० किलोच्या माणसाला हिशोब करा, ३०० मिलिग्रॅम फ्लोराइड, म्हणजे साधारण ६६० मिलिग्रॅम पावडर. १० किलोच्या लहान मुलाला ५० मिलिग्रॅम फ्लोराइड, म्हणजे पावडर ११० मिलिग्रॅमच्या आसपास, ती चिमूटभरसुद्धा होत नाही. फ्लोराइड पोटात गेलं की तिथल्या अ‍ॅसिडमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं, पोटात आग पडते, उलट्या होतात, आणि मग रक्तात शिरून कॅल्शियमला धरून बसतं. रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं की हातपाय आखडतात, झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. मृत्यू होतो तो बहुतेक वेळा हृदयामुळे आणि काही तासांतच, म्हणून "बघू सकाळपर्यंत" असं इथे चालतच नाही.

एवढं विषारी आहे तर वापरतात कशाला, असं वाटेल. तर वापर भरपूर आहेत आणि प्रत्येकात मात्रा सांभाळलेली असते. टूथपेस्टमध्ये दाताचं एनॅमल अ‍ॅसिडला टिकावं म्हणून घालतात, आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) वर चालत नाही, म्हणजे सोडियम फ्लोराइड साधारण ०.२२ टक्के. तुमच्या पेस्टच्या मागचं वाचा, काहींवर सोडियम फ्लोराइड असेल आणि काहींवर सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट. हा फरक का, तर ज्या पेस्टमध्ये घासण्यासाठी खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असतो तिथे साधं सोडियम फ्लोराइड टाकलं तर ते ट्यूबमध्येच कॅल्शियमला चिकटून निकामी होतं, दातापर्यंत पोचतच नाही. डेंटिस्ट लहान मुलांच्या दातांना जो वार्निश लावतात तो ५ टक्क्यांचा असतो, २२,६०० पीपीएम, म्हणून तो त्यांनीच लावायचा. घरी तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहाला वाटाण्याएवढी, आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी बेसिनवर ठेवायची नाही, गोड चवीची असेल तर अजिबातच नाही.

पॅथॉलॉजीवाल्यांचा फ्लोराइड बल्ब, म्हणजे रक्त घ्यायची छोटी बाटली, राखाडी झाकणाची, त्यात हेच असतं, सोबत पोटॅशियम ऑक्झलेट रक्त गोठू नये म्हणून. रक्त काढल्यावरही त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि फ्लोराइड ते थांबवतं, पण लगेच नाही हं, एनोलेज नावाचं एन्झाइम बंद पडतं ते साखर तुटण्याच्या साखळीत बरंच खाली आहे, त्यामुळे पहिला तास-दोन तास साखर थोडी कमी होतच राहते. सॅम्पल घेतलं की बल्ब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटासुलटा करा, जोरात हलवू नका, आणि दूर पाठवायचं असेल तर गार ठेवा. आणि एक मोठी चूक जी घाईत होते, दुसऱ्या बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून फ्लोराइड बल्बमधलं त्यात ओतणं. असं केलं तर सोडियम-पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं, कॅल्शियम खोटं कमी येतं, आणि त्या रिपोर्टवर पेशंटला औषध दिलं जातं. रक्त कमी पडलं तर पेशंटला सांगून परत घ्या.

बाकी वापर झरझर सांगतो. लाकडाला कीड-बुरशी लागू नये म्हणून, धातू जोडताना फ्लक्समध्ये, फ्लोरिनच्या कारखान्यात वायूतलं हायड्रोजन फ्लोराइड शोषून घ्यायला गोळ्यांच्या रूपात. आणि कॅन्सर हॉस्पिटलमध्ये हाडांच्या पीईटी (PET) स्कॅनला रेडिओअ‍ॅक्टिव्ह फ्लोरिन-१८ वालं, त्याचं अर्धं आयुष्य ११० मिनिटं, ते तुमच्या-माझ्या हातात येत नाही.

आता आपलं मुख्य काम, पाण्यातलं फ्लोराइड मोजायचं स्टँडर्ड, म्हणजे नेमकं किती फ्लोराइड आहे हे माहीत असलेलं सोल्युशन, ज्यावर मीटर लावून घेतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त लागणारी गावं आहेत, तिथल्या मुलांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे ज्यांनी बघितले त्यांना हे रीडिंग बरोबर का यायला पाहिजे ते वेगळं सांगायला नको. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या भारतीय मानकात १ मिलिग्रॅम प्रति लिटर ही चांगली मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. म्हणजे ०.९ आणि १.६ मध्ये चूक झाली तर अख्ख्या गावाचा हातपंप चालू ठेवायचा की बंद करायचा याचा निर्णय चुकतो. स्टँडर्ड चुकलं की त्यानंतरची सगळी सॅम्पल चुकतात, म्हणून इथे घाई नको.

सुरुवात अशी. गॉगल, अ‍ॅप्रन, नाइट्राइल ग्लोव्हज. पंखा बंद करा, पावडर उडते आणि श्वासात जाते, नाकाघशाला झोंबते, कारखान्यात हवेसाठी मर्यादा २.५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर फ्लोराइड एवढीच आहे. जास्त माल हाताळायचा असेल तर फ्यूम हूडमध्ये (हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) किंवा चांगला डस्ट मास्क लावून. टेबलावर खाणं, चहा, पाण्याची बाटली, काहीही नको. पावडर थोडी बाहेर काढून ओव्हनमध्ये १०५ ते ११० डिग्रीला दोन तास सुकवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, आणि गार झाल्यावरच वजन करा, गरम वस्तू बॅलन्सवर ठेवली की आकडा नाचत राहतो.

०.२२१ ग्रॅम अचूक तोला, प्लास्टिकच्या वेइंग बोटमध्ये (वजनाच्या छोट्या ट्रेमध्ये) किंवा बटर पेपरवर. डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटरला पुरं करा, हे झालं १०० मिलिग्रॅम प्रति लिटरचं स्टॉक, म्हणजे ज्यातून पुढे पातळ स्टँडर्ड करायचे ते मूळ घट्ट सोल्युशन. गणित करून बघा, २२१ मिलिग्रॅमच्या ४५.२५ टक्के म्हणजे १०० आलं. याच्या दहापट हवं असेल तर २.२१ ग्रॅम. फ्लास्क पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर उत्तम, काचेचाच असेल तर लिटरला पुरं करण्यापुरता वापरा आणि लगेच प्लास्टिकच्या बाटलीत काढा. काचेत ठेवायचं नाही कारण फ्लोराइड काचेतल्या सिलिकाशी हळूहळू लागतं, काच धूसर होते ते नंतर, त्याआधी तुमचं स्टँडर्ड पातळ झालेलं असतं आणि तुम्हाला कळतही नाही.

बाटलीवर लेबल लगेच, हातात ग्लोव्हज असतानाच, नंतर करू म्हणू नका. सोडियम फ्लोराइड, १०० मिलिग्रॅम प्रति लिटर फ्लोराइड, विषारी, तारीख, बनवणाऱ्याचं नाव. आणि कृपा करून पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली यासाठी वापरू नका, कितीही स्वच्छ धुतलेली असो. सोल्युशन पाण्यासारखं नितळ दिसतं, वास नाही, आणि त्या एका लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, वरचा लहान मुलाचा आकडा आठवा, त्याच्या दुप्पट. उन्हाळ्यात फील्डवरून आलेला कोणीही ती बाटली तोंडाला लावेल.

यातलं १० मिली घेऊन १०० मिली केलं की १० चं स्टँडर्ड, त्यातलं परत १० मिली घेऊन १०० केलं की १ चं. ०.५ आणि २ चंही करून ठेवा कारण आपली सॅम्पल त्याच पट्ट्यात येतात. पिपेटला रबर बल्ब लावा, तोंडाने ओढायची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडा.

मीटरचा इलेक्ट्रोड म्हणजे खरं तर दुसरं एक धातूचं फ्लोराइड, टोकाला लॅन्थॅनम फ्लोराइडचा क्रिस्टल असतो, १९६६ मध्ये फ्रँट आणि रॉस यांनी तो आणला. त्याला फक्त मोकळं फ्लोराइड दिसतं. पाण्यात लोह किंवा अ‍ॅल्युमिनियम असेल, तुरटी मारलेलं पाणी असेल, तर बरंचसं फ्लोराइड त्यांना बांधलेलं असतं आणि रीडिंग कमी येतं. म्हणून टिसॅब बफर घालायचं, सॅम्पल २५ मिली तर टिसॅबही २५ मिली, आणि स्टँडर्डलाही अगदी तसंच. टिसॅब ते बांधलेलं फ्लोराइड सोडवतं आणि पीएच ५ ते ५.५ ला धरून ठेवतं. पीएच त्याच्या खाली गेला तर फ्लोराइडचं हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड होऊन ते इलेक्ट्रोडला दिसत नाही, फार वर गेला तर हायड्रॉक्साइडलाच इलेक्ट्रोड फ्लोराइड समजतो. बीकर प्लास्टिकचे, आणि आधी पातळ स्टँडर्ड मग घट्ट, उलटं नाही. १ वरून १० वर गेलं की मिलिव्होल्ट ५४ ते ६० ने खाली यायला पाहिजे, तेवढं येत नसेल तर सॅम्पल लावूच नका, आधी स्टँडर्ड परत बनवा, इलेक्ट्रोड स्वच्छ करा.

अजून एक गोष्ट जी मॅन्युअलमध्ये असते पण कोणी करत नाही. मॅग्नेटिक स्टिरर चालून चालून गरम होतो आणि बीकरमधलं पाणी दोन-तीन डिग्री वर जातं, रीडिंग हळूहळू सरकायला लागतं आणि आपण वाट बघत बसतो की आता स्थिर होईल. बीकरच्या खाली थर्माकोलचा पातळ तुकडा ठेवा. सॅम्पल फ्रीजमधून काढलेली असतील तर स्टँडर्डच्या तापमानाला येऊ द्या, एसी लॅबमधलं स्टँडर्ड आणि विदर्भातल्या मे महिन्यातून नुकतंच आलेलं सॅम्पल एकमेकांशी लावलं तर आकडा चुकणारच.

आता अ‍ॅसिड. कोरडं सोडियम फ्लोराइड किंवा त्याचं घट्ट सोल्युशन कधीही सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक, कुठल्याच जोरदार अ‍ॅसिडजवळ आणायचं नाही, एका कपाटात ठेवायचंही नाही. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन फ्लोराइड निघतं, ते कातडीतून आत हाडापर्यंत जातं आणि पातळ असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, कित्येक तासांनी दुखायला लागतं. मग टिसॅबमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं ते कसं चालतं, हा प्रश्न बरोबर आहे. तिथे फ्लोराइड लिटरला काही मिलिग्रॅम आणि पीएच ५ च्या वर, धोक्याची मात्रा तयारच होत नाही. खरा धोका असतो तो साफसफाईच्या वेळी, कोणीतरी सांडलेली पावडर बेसिनमध्ये झटकतं आणि संध्याकाळी मावशी तिथेच संडास धुवायचं अ‍ॅसिड ओततात. त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं, ते सांगणं आपलं काम आहे. लॅबमध्ये २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणून ठेवा, एक्स्पायरी बघत राहा, आणि ती कुठे आहे हे मावशींसकट सगळ्यांना माहीत असू द्या.

काही झालंच तर काय करायचं. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून, मग डोळ्यांचे डॉक्टर. कातडीवर पावडर पडली तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. अ‍ॅसिडसोबत लागलं असेल तर धुतल्यावर लगेच ग्लुकोनेट जेल चोळत राहा आणि दुखत नसलं तरी हॉस्पिटलला जा. पोटात गेलं तर तोंड धुवा, माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर दूध पाजा, दुधातलं कॅल्शियम पोटातच थोडं फ्लोराइड अडवतं. मिठाचं पाणी देऊन किंवा बोट घालून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि दूध पाजत वाट बघत बसू नका, दूध हा रस्त्यातला उपाय आहे. बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या, नुसतं "लॅबमधलं पांढरं काहीतरी" सांगितलं तर डॉक्टरांचा वेळ जातो. तिथे ईसीजी, रक्तातलं कॅल्शियम-पोटॅशियम आणि शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट हे सगळं लागू शकतं, म्हणून छोट्या दवाखान्यापेक्षा आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा.

ठेवायचं कसं, तर कंपनीच्या मूळ प्लास्टिक बाटलीत, घट्ट झाकण, कुलूपबंद कपाट, अ‍ॅसिडपासून लांब, आणि रजिस्टरमध्ये किती काढलं ते लिहायचं. कपाट पॅन्ट्रीच्या शेजारी असेल तर हलवा. सांडलं तर कोरडा झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या टिश्यूने गोळा करा, ते प्लास्टिकच्या पिशवीत, मग जागा दोनदा पाण्याने पुसा आणि तो फडकाही त्याच पिशवीत.

उरलेलं सोल्युशन सिंकमध्ये ओतायचं नाही. सगळं एका प्लास्टिक कॅनमध्ये जमा करा, त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा चुन्याची निवळी जरा जास्तच घाला, पांढरा गढूळपणा येतो तो कॅल्शियम फ्लोराइड. रात्रभर बसू द्या. वरचं पाणी स्वच्छ दिसतं पण फ्लोराइडमुक्त नसतं, कॅल्शियम फ्लोराइडही लिटरला साधारण १६ मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे त्या पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड राहू शकतं. ज्यादा कॅल्शियम घातलं तर अजून थोडं खाली येतं. सार्वजनिक गटारासाठी मर्यादा १५ आहे आणि नदी-नाल्यासाठी २, त्यामुळे ते पाणी तुमच्याच मीटरवर मोजा आणि मग ठरवा. लॅबचं सांडपाणी मागच्या ओढ्याला जात असेल तर हे ८ वालं पाणी तिथे चालणार नाही, त्याला तुरटीची दुसरी पायरी द्या. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड उतरवायची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचीच आहे. उकळून मात्र फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं आणि ते उलट वाढतं, हे गावात पाणी उकळून पिणाऱ्यांनाही आवर्जून सांगा. खाली बसलेला गाळ गाळून, सुकवून, लेबल लावलेल्या पिशवीत ठेवा आणि बाकीच्या घातक कचऱ्यासोबत तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी, जे जवळ असेल तिथल्या केंद्राकडे पाठवा.